क्लबच्या मीटिंगला वक्ते बोलावतो, पण त्यांचं ऐकायला वेळ ठेवतो का?

ओढ्याकाठची
नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावी राहते. स्वतःचं मेडिकल दुकान आहे आणि सहा वर्षांपासून गावातल्या एका सेवा क्लबची सभासद आहे. रोटरी की लायन्स ते मुद्दाम लिहीत नाही. कुणाची उणीदुणी काढायची नाहीत आणि दोन्हीकडे गोष्ट सारखीच असावी. यंदा १ जुलैपासून प्रोग्रॅम कमिटी माझ्याकडे आली आहे, म्हणजे गुरुवारच्या मीटिंगला वक्ता आणायचं काम माझं.

मागच्या गुरुवारी जे झालं ते मनातून जात नाही. शेजारच्या तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयातले एक डॉक्टर बोलायला आले होते. सर्पदंशाचे रुग्ण बघण्यात त्यांची पंचवीसेक वर्षं गेली आहेत. ओपीडी उरकून, चाळीस किलोमीटर पावसात मोटरसायकलवरून आले आणि पावणेआठला हॉलमध्ये हजर. मीटिंग आठची, घंटा वाजली सव्वाआठला. मग राष्ट्रगीत, प्रार्थना, स्वागत, सेक्रेटरींच्या सूचना, पदग्रहण समारंभाचा हिशोब, चार वाढदिवस, दोन लग्नाचे वाढदिवस. प्रत्येकाला पुष्पगुच्छ, प्रत्येकाचा फोटो, प्रत्येकाचं मनोगत. मग डॉक्टरांचा परिचय, तो दोन पानी. मग शाल, श्रीफळ, पुन्हा फोटो. ते बोलायला उभे राहिले तेव्हा नऊ वाजून अठरा मिनिटं झाली होती आणि मागच्या दारानं केटररची पातेली आत येत होती. बारा मिनिटांनी त्यांच्या हातात चिठ्ठी गेली.

त्यांनी पिशवीतून एक काचेची परीक्षानळी काढून टेबलावर ठेवली होती. ती काय सांगायला आणली होती ते राहूनच गेलं. प्रश्नोत्तरं नाहीत. जाताना मलाच म्हणाले, "ताई, असू दे, पुन्हा कधीतरी."

गेल्या पावसाळ्यात माझ्या दुकानात एक माणूस पायाला करकचून सुतळी बांधून आला होता. साप चावलाय, काहीतरी गोळी द्या म्हणत होता. मी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात पाठवलं, पण ती सुतळी सोडायची की ठेवायची हे मला कळत नव्हतं. औषधांचं दुकान चालवणारी बाई मी. ते विचारायला मी आठ दिवस त्या गुरुवारची वाट बघत होते.

तुमच्याकडे कसं चालतं? वक्त्याला नेमका किती वेळ देता? वाढदिवस वगैरे कुठे बसवता? आणि मुळात बोलावता कुणाला?

पाटाचं_पाणी
घंटा, राष्ट्रगीत, वक्ता. बाकी सगळं भाषणानंतर. एवढंच करा.

माजी_अध्यक्ष
पाटाचं_पाणी, लिहायला सोपं आहे. मी दोन वेळा अध्यक्षाची कॉलर घातली आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

ताई, तुमची तळमळ पोचली. डॉक्टरांच्या बाबतीत झालं ते चूकच. पण वाढदिवसांना कमी लेखू नका. रोटरीची सुरुवात झाली ती २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत. पॉल हॅरिस नावाचा वकील आणि त्याचे तीन परिचित. एक कोळशाचा व्यापारी, एक खाणकाम इंजिनिअर, एक शिंपी व्यवसायातला. परक्या मोठ्या शहरात आपल्या माणसासारखी माणसं हवीत एवढीच त्यांची भूक होती. आळीपाळीनं एकमेकांच्या कचेरीत भेटायचे, त्या फिरण्यावरून 'रोटरी' हे नाव पडलं. म्हणजे आधी मैत्री जमली, सेवा त्या मैत्रीतून उगवली. आमच्या क्लबात एक किराणा दुकानदार आहेत. बायको गेल्यावर त्यांचा वाढदिवस घरात कुणी करत नाही. गुरुवारी आम्ही करतो. तो पुष्पगुच्छ घेताना त्यांचा हात थरथरतो. तो वेळ वाया गेला असं मी कधीच म्हणणार नाही.

पाटाचं_पाणी
काका, वाढदिवस काढून टाका असं मी लिहिलंच नाही. नंतर करा म्हटलं.

माजी_अध्यक्ष
नंतर म्हणजे जेवणाच्या तोंडावर. तेव्हा निम्मे लोक हात धुवायला उठलेले असतात. वक्त्याचा अपमान टाळताना सभासदाचा होतो.

निवृत्त_मुख्याध्यापिका
मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं लिहिते. पस्तीस वर्षं शाळेत गेली, मुलींच्या शिक्षणावर बोलायला मला पुष्कळ क्लबांनी बोलावलं. कपाटात सव्वीस शाली आहेत. प्रेमानं दिल्या, मी प्रेमानं घेतल्या. पण खरं सांगू का, बोलून घरी परतताना मनात एकच प्रश्न असायचा की यांनी माझ्याकडून नेमकं काय ऐकायला मला बोलावलं होतं? "मॅडम, कुठल्याही विषयावर बोला, पंधरा-वीस मिनिटं," असा फोन यायचा. कुठल्याही विषयावर बोलणारं माणूस कशाला हवं?

एकदाच एका क्लबच्या सेक्रेटरींनी आधी घरी येऊन विचारलं, "बाई, आमच्या गावात सातवीनंतर किती मुली शाळा सोडतात आणि का, हे सांगाल?" मी हजेरीपट काढून बसले. तीन गावांची यादी केली. भाषणात आकडे सांगितले आणि कारण सांगितलं, की पुढची शाळा सहा किलोमीटरवर, ती अकराला सुटते आणि परतीची एस. टी. दोनला. तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे गप्प बसले होते. दोन महिन्यांत क्लबच्या लोकांनी आगारात खेपा घालून परतीच्या गाडीची वेळ बदलून घेतली. एक रुपया खर्च नाही.

म्हणून माझं मत असं, की वक्त्याला विषय देऊ नका, प्रश्न द्या.

चिंचेचं_बन
+१. बाईंचं शेवटचं वाक्य आमच्या क्लबच्या ग्रुपवर पाठवतोय.

फिरता_एमआर
औषध कंपनीत एमआर आहे, बावीस वर्षं रोटरीत. पूर्वी हजेरीचा नियम कडक होता. आपल्या क्लबची मीटिंग चुकली तर चौदा दिवसांच्या आत दुसऱ्या गावच्या क्लबात बसून भरून काढायची, त्याला मेक-अप म्हणतात. माझी नोकरी फिरतीची, त्यामुळे सांगली, नाशिक, लातूर, बेळगाव, मडगाव असे कितीतरी क्लब पाहिले. अनोळखी गावात संध्याकाळी सात-आठला हॉल शोधत जायचं, कुणीतरी "या, या" म्हणत खुर्ची ओढायचं. लॉजवरच्या एकट्या संध्याकाळीपेक्षा ते फार बरं वाटायचं. माजी_अध्यक्ष जे मैत्रीचं लिहितात ते मी भोगलेलं आहे.

पण वक्त्यांचं म्हणाल तर ज्या मीटिंगा आजही आठवतात त्या सगळ्या स्थानिक माणसांच्या. द्राक्षाच्या छाटणीवर बोललेला एक बागाईतदार आठवतो. यशावर, आनंदी जीवनावर, सकारात्मकतेवर बोललेल्यांपैकी एकाचाही चेहरा आठवत नाही.

अवांतर: २०१६ पासून रोटरीनं क्लबांना सवलत दिली आहे, महिन्यातून किमान दोन मीटिंगा झाल्या तरी चालतं. ज्यांना दर आठवड्याला चांगला वक्ता मिळत नाही त्यांनी मीटिंगा कमी करायला हरकत नाही. वाईट चारपेक्षा चांगल्या दोन.

जर्सीतली_जाई
न्यू जर्सीतून लिहितेय. इथल्या आमच्या क्लबची मीटिंग सकाळी सातला, नाश्त्याबरोबर. सव्वाआठला प्रत्येकाला कामावर पोचायचं असतं, त्यामुळे वेळ पाळावाच लागतो. खाणं सुरू असतानाच सूचना उरकतात. वाढदिवस, नातवंड झालं, मुलीला नोकरी लागली, असं काहीही आनंदाचं असेल तर ज्याचं त्यानं उभं राहून एक डॉलर डब्यात टाकायचा आणि एका वाक्यात सांगायचं. पाच-सात मिनिटांत बाराजणांचा आनंद कळतो. मग वीस मिनिटं वक्ता, दहा मिनिटं प्रश्न.

शाल-श्रीफळाच्या जागी एक पद्धत मला फार आवडली. वक्त्याच्या नावानं गावच्या सार्वजनिक वाचनालयाला मुलांचं एक पुस्तक देतात. आतल्या पानावर त्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवतात आणि ते पुस्तक त्याच्याकडून सही करून घेतात. अग्निशमन दलाचा एक माणूस बोलायला आला होता, तो नंतर आपल्या मुलीला घेऊन वाचनालयात ते पुस्तक बघायला गेला.

निवृत्त_मुख्याध्यापिका
जाई, हे फारच छान. सव्वीस शालींऐवजी सव्वीस पुस्तकं गावात फिरली असती.

हिरवा_चाफा
जेवणाचा विषय कुणी काढला नाही म्हणून मी काढतो. खरा घोळ जेवणाचा आहे. आठची मीटिंग, साडेनऊला जेवण, म्हणजे नऊनंतर प्रत्येकाचं लक्ष पातेल्यांकडे. मसालेभाताचा वास सुटला की वक्ता कितीही मोठा असो, हरतो. आमच्याकडे उलटं केलं. साडेसातला जेवण, सव्वाआठला घंटा. पोट भरलेला माणूस शांतपणे ऐकतो.

पाटाचं_पाणी
झोपतो :)

हिरवा_चाफा
जिलबी असली तर झोपतो, हे खरं आहे. म्हणून गोड शेवटी ठेवतो. भाषण ऐका आणि मग जिलबी घ्या.

सुगंधा_काकू
जेवण आधी केलं की बायकांची मोठी सोय होते, हे कुणाच्या लक्षात आलंय का? मी स्वतः सभासद आहे, कुणाची पत्नी म्हणून येत नाही. तरी अजून काही ठिकाणी माझी ओळख 'ॲन' म्हणून करून देतात. बाहेरच्यांसाठी सांगते, रोटेरियनच्या पत्नीला ॲन म्हणायची जुनी रीत आहे. स्त्रियांना सभासद होण्याचा मार्ग मोकळा झाला तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८७ च्या निकालानंतर. १९८९ मध्ये रोटरीनं जगभरासाठी नियम बदलला. २०२२-२३ मध्ये जेनिफर जोन्स यांच्या रूपानं पहिल्यांदा एक बाई जागतिक अध्यक्ष झाली. कागदावर सगळं झालं, पण मीटिंग साडेदहापर्यंत लांबली की घरी सासूबाईंना औषध द्यायला कुणी नसतं, म्हणून मला भाषण अर्धं टाकून निघावं लागतं. वेळ पाळणं हा शिस्तीचा प्रश्न आहेच, पण कुणाला शेवटपर्यंत थांबता येतं याचाही आहे.

माजी_अध्यक्ष
सुगंधाताई, हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. मान्य.

पेठेतला_वाचक
पुण्यात जन्म गेला, म्हणून एक आठवण करून देतो. भाषण ऐकायला जमणं हे आपल्याला क्लबांनी शिकवलेलं नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, शिकागोतल्या त्या चौघांच्या तीस वर्षं आधी. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात संध्याकाळी लोक फक्त ऐकायला जमतात. गावोगावच्या व्याख्यानमाला त्याच वाटेनं आल्या. तिथे वक्ता हाच कार्यक्रम असतो. क्लबमध्ये वक्ता कार्यक्रमातला एक भाग असतो. दोन्हींची तुलना करून क्लबला कमी ठरवू नये, पण ऐकण्याची सवय आपल्या रक्तात आहे हे विसरूही नये.

उदय_लातूर
मला एक वेगळा मुद्दा मांडायचा आहे. वक्ता बोलावताना तो काही विकायला येतोय का हे तपासा. आमच्याकडे निवृत्तीनंतरचं आर्थिक नियोजन या विषयावर एक गृहस्थ आले आणि भाषण संपताना सगळ्यांच्या हातात फॉर्म दिले. आमच्यातल्या दोन ज्येष्ठांनी संकोचानं सह्या केल्या आणि पुढे त्यांना पैसे सोडवायला वर्ष गेलं. व्यासपीठ आपण दिलं, म्हणजे विश्वासही आपणच दिला. ती जबाबदारी प्रोग्रॅम कमिटीची.

ओढ्याकाठची
उदयदादा, हे लिहून ठेवलं.

ज्योतीची_वात
लायन्सवाल्यांच्या बाजूनं एक गोष्ट. ३० जून १९२५ ला अमेरिकेत ओहायो राज्यातल्या सीडर पॉइंटला लायन्सचं अधिवेशन होतं आणि पाहुण्या वक्त्या होत्या हेलन केलर. दृष्टी नाही, ऐकू येत नाही. छोटंसंच भाषण केलं त्यांनी. लायन्सना म्हणाल्या, अंधाराविरुद्धच्या या मोहिमेत तुम्ही अंधांचे शिलेदार व्हा. लायन्सची स्थापना १९१७ ची, म्हणजे संस्था जेमतेम आठ वर्षांची होती. त्या दिवसापासून डोळ्यांचं काम हीच लायन्सची ओळख झाली. पाचच वर्षांनी, १९३० मध्ये, पिओरिया गावच्या लायन्स क्लबच्या एका सभासदानं रस्ता ओलांडू न शकणारा अंध माणूस पाहिला आणि पांढरी काठी, खाली लाल पट्टा, ही कल्पना काढली. आज तुमच्या गावात मोतीबिंदूचं शिबिर होतं, त्याची मुळं एका पाहुणीच्या भाषणात आहेत.

त्या दिवशी कुणी हेलन केलरना चिठ्ठी पाठवली असती तर?

चिंचेचं_बन
काय प्रतिसाद आहे! काटा आला अंगावर.

पेठेतला_वाचक
सुंदर. फक्त एक लक्षात घ्या, ते भाषण छोटंच होतं. म्हणजे मिनिटांपेक्षा मागणी नेमकी असणं महत्त्वाचं ठरलं.

ज्योतीची_वात
बरोबर. पण ते छोटं त्यांनी ठरवलेलं होतं. घड्याळ बघून दुसऱ्यानं केलेलं नव्हतं.

आरोग्यसेविका_निवृत्त
मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आयुष्य काढलं. मला एका क्लबनं बोलावलं होतं पल्स पोलिओच्या आधी. आपल्या देशात ती मोहीम १९९५ ला सुरू झाली, पोलिओचं काम रोटरीनं जगभर १९८५ पासून हाती घेतलं होतं. मला भाषण येत नाही, असं मी सांगितलं होतं. अध्यक्ष म्हणाले, भाषण नको, तुम्हाला काय कमी पडतं ते सांगा.

मी सांगितलं की बॅनर पुष्कळ आहेत, टोप्या आहेत. मला वाहन नाही. वीटभट्टीवर आणि ऊसतोडीच्या टोळ्यांवर लस न्यायची तर व्हॅक्सिन कॅरिअर खांद्यावर, आतले बर्फाचे पॅक वितळायच्या आत पोचायचं आणि पुढच्या भट्टीला पुन्हा तेच. त्या रविवारी चार सभासद आपापल्या जीप घेऊन पहाटे केंद्रासमोर उभे होते. एक जण सराफ होते. दिवसभर माझ्याबरोबर धुळीत फिरले, मुलांच्या करंगळीला शाईची खूण करायचं काम त्यांनी केलं. पुढे पुष्कळ वर्षं येत राहिले. भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावड्याजवळची एक लहान मुलगी. २७ मार्च २०१४ ला आपण पोलिओमुक्त जाहीर झालो. त्या दिवशी सराफकाकांचा मला फोन आला. बोलता येत नव्हतं त्यांना. मलाही.

ओढ्याकाठची
मावशी, दुकानात बसून वाचतेय आणि डोळे पुसतेय. नमस्कार तुम्हाला.

वारणेचा_पट्टा
लाइनमन बोलवा. खरंच सांगतो. आमच्याकडे दोन वर्षांमागं जूनच्या पहिल्या मीटिंगला वीज मंडळाचे एक लाइनमन बोलावले. काहींनी नाकं मुरडली, क्लबात लाइनमन कशाला म्हणून. ते गणवेशात आले, हातमोजे आणि टेस्टर टेबलावर ठेवले. पहिलं वाक्य असं होतं, की पावसाळ्यात डांबावर जितकं भय नाही तितकं तुमच्या अंगणात आहे. कपडे वाळत घालायची लोखंडी तार, तिच्याजवळून गेलेली सालटं निघालेली वायर आणि ओले हात. पत्र्याचं न्हाणीघर. मोटर चालू ठेवून पाइपाला हात लावणारा शेतकरी. त्यांनी आपल्या हातानं खाली उतरवलेल्या माणसांबद्दल सांगितलं, नावं न घेता. पंचेचाळीस मिनिटं कुणी हललं नाही. नाकं मुरडणाऱ्यांनीच सगळ्यात जास्त प्रश्न विचारले.

दुसऱ्या आठवड्यापासून आम्ही वस्तीत घरोघर तारा काढून नायलॉनच्या दोऱ्या बांधल्या आणि जिथं अर्थिंग नव्हतं तिथं वायरमन लावून करून घेतलं. दोरीला असा काय खर्च येतो?

त्यांना आम्ही मानधन दिलं. ते नको म्हणत होते. पण एक पाळी सोडून माणूस येतो, त्याचं पेट्रोल तरी द्यायला पाहिजे.

माजी_अध्यक्ष
मानधनाबद्दल मतभेद आहे. सेवा क्लबच्या व्यासपीठावर पैसे देण्याची प्रथा नको. आज लाइनमनला दिलं, उद्या प्रत्येक जण दर विचारेल.

वारणेचा_पट्टा
काका, प्रोफेसर गाडीनं येतात, त्यांना नको. रोजावर जगणाऱ्याचा रोज बुडवून त्याच्या हातात नारळ द्यायचा, हे मला पटत नाही.

सुगंधा_काकू
वारणेचा_पट्टा यांच्याशी सहमत. गावातल्या आशा सेविकेला बोलावलं होतं तेव्हा रात्री घरी सोडायला गाडीही दिली पाहिजे हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. शेवटी मी सोडलं.

फिरता_एमआर
रोटरीच्या चार प्रश्नांच्या कसोटीवर घासून बघा की. हर्बर्ट टेलर यांनी १९३२ मध्ये ती लिहिली तेव्हा भांडी बनवणारी त्यांची कंपनी बुडायला आली होती. धंदा सावरायला त्यांनी चारच प्रश्न ठेवले. हे सत्य आहे का? सर्व संबंधितांना न्याय्य आहे का? यानं सद्भाव आणि मैत्री वाढेल का? सर्वांना हितकारक ठरेल का? मीटिंगला आपण ते मोठ्यानं म्हणतो. दुसरा प्रश्न त्या रोजावरच्या वक्त्यालाही लागू आहे आणि ताईंच्या त्या डॉक्टरांनाही.

पाटाचं_पाणी
ताई, डॉक्टरांचं पुढे काय झालं? आणि ती परीक्षानळी?

ओढ्याकाठची
तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय, कारण आता सांगण्यासारखं आहे.

मी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला आणि माफी मागितली. मुख्याध्यापिका बाईंनी लिहिलं तसा या वेळी विषय दिला नाही, प्रश्न दिला. आपल्या तालुक्यात साप चावल्यापासून पहिल्या दोन तासांत काय चुकतं? आणि पत्रिकाच बदलली. जेवण साडेसातला. आठला घंटा, तेव्हा सातच जण होते, तरी वाजवली. परिचय मी चार ओळींत करून दिला. आठ वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर उभे राहिले.

सगळ्यात आधी त्यांनी विचारलं, "दोन मिली रक्त कोण देतं?" आमचे खत-बियाण्यांचे दुकानदार सभासद बाही सरकवून पुढे आले. डॉक्टरांनी रक्त काढून त्या काचेच्या नळीत घातलं, नळी स्टँडला उभी केली, घड्याळ लावलं आणि म्हणाले, "हिला वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही. तोवर मी बोलतो." एकीकडे नळी, एकीकडे ते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांचं विष कसं वेगळं चालतं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूणही दिसत नाही, पहाटे पोट दुखतं म्हणून उठतो आणि पापण्या मिटायला लागतात. म्हणून जमिनीवर झोपणाऱ्यानं मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपायचं. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज २०२० मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात आहे, त्यातले बहुतेक खेड्यातले, निम्मे पावसाळ्यातले. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर गावात राहून काम केलं, त्यांचाही त्यांनी आदरानं उल्लेख केला.

घड्याळ वाजलं. त्यांनी नळी सगळ्यांसमोर तिरकी केली. रक्त सांडलं नाही, गोठलं होतं. म्हणाले, "हे निरोगी रक्त. हेच वीस मिनिटांनी पाण्यासारखं वाहिलं तर समजायचं घोणस किंवा फुरसं, आणि प्रतिविष लगेच सुरू करायचं. लॅब नको, वीज नको. फक्त नळी काचेची हवी, कोरडी हवी, साबणानं धुतलेली नको." मागच्या वेळी त्यांना मिळाली होती बारा मिनिटं. नळी तरी काय सांगणार होती?

प्रश्न तासभर चालले. सुतळीचं मी विचारलं. बांधायचीच नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. हात-पाय फळीला हलकेच बांधून स्थिर ठेवायचा आणि निघायचं. कुणी आधीच आवळून बांधली असेल तर घाईनं सोडू नये, दवाखान्यात डॉक्टरांसमोरच सोडावी. माझ्या त्या माणसाच्या बाबतीत माझ्या हातून चूक झाली नव्हती, हे वर्षानं कळलं.

यंदा क्लब बसस्टँडवर नाव कोरलेली बाकडी बसवणार होता. ते पुढे ढकललं. आधी तालुक्यातल्या सगळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना काचेच्या नव्या नळ्या आणि पहिल्या दोन वस्त्यांवर मच्छरदाण्या व गमबूट.

माजी_अध्यक्ष
ताई, मनापासून अभिनंदन. आणि वाढदिवस?

ओढ्याकाठची
काका, तुम्ही म्हणाला होता तसंच झालं. प्रश्न लांबले, काही लोक निघून गेले. एका ज्येष्ठ सभासदांच्या लग्नाला त्या दिवशी पन्नास वर्षं झाली होती, दोघं नटून आले होते. पुष्पगुच्छ देताना समोर अकरा माणसं. काकूंचा चेहरा उतरलेला मी पाहिला. दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन घरी गेले, त्या काही बोलल्या नाहीत, चहा मात्र केला. यावर मला अजून उपाय सापडलेला नाही. पुढच्या वेळी वाढदिवस जेवणाच्या पंगतीतच करून बघते, जाईनं सांगितलं तसं, ज्याचं त्यानं एका वाक्यात.

माजी_अध्यक्ष
पन्नासाव्या वर्षाला एक वाक्य पुरत नाही हो. पाच मिनिटं द्या. बाकीच्यांना एक वाक्य.

ओढ्याकाठची
कबूल.

आणि वारणेचा_पट्टा, तुमच्यावरून सुचलं, येत्या गुरुवारी नगरपंचायतीचे व्हॉल्व्हमन येणार आहेत. एकोणीस वर्षं रोज पहाटे चारला गावाला पाणी सोडतात. "मी काय बोलणार, ताई?" म्हणत होते. मी प्रश्न दिलाय, की पाणी सोडल्यापासून नळाला येईपर्यंत ते कुठे कुठे जातं? त्यांनी पेन्सिलनं गावाचा नकाशा काढायला घेतलाय.

सुगंधा_काकू
त्यांना रात्री लवकर सोडा, पहाटे चारला उठायचंय.

ओढ्याकाठची
खरंच की. त्यांचं भाषण घंटेनंतर लगेच ठेवते आणि नऊला त्यांना घरी सोडायला मीच जाते.